कलम एकोणीस

सिव्हिल लाइन्समधल्या त्या बंगल्यात
लवादाच्या टेबलावर तीन फायली होत्या
आणि बशीत चार बिस्किटं, ज्यांना शेवटपर्यंत कुणी हात लावला नाही.
कूलरची खस ओली, वास चांगला.
बाहेर सेहेचाळीस.

मला विचारलं, तुम्ही कोणाच्या?
म्हणजे नोकरीला.
म्हटलं, पगार नेफ्रोसेतूचा, जेवणाचं कूपन हॉस्पिटलचं,
ॲप्रनच्या खिशावर दोघांचीही नावं,
आणि फेब्रुवारीपासून दोन्हीकडून काहीच नाही.
हे शेवटचं टायपिस्टनं घेतलं की नाही
मला दिसलं नाही.

कंपनी म्हणत होती, अकरा महिन्यांची बिलं थकली.
हॉस्पिटल म्हणत होतं, फुगवलेली बिलं,
तीनदा धुतलेला फिल्टर चौथ्यांदा नवा दाखवला.
दोघंही थोडं थोडं खरं बोलत होते.
पण ते मला कुणी विचारलं नव्हतं.

मग पाणी निघालं.
टाकी आमची, पाणी पेंचचं, पाणीपट्टी आम्ही भरतो.
असेल, पण आरओ प्लांट आमचा,
गाळून निघालं की पाणी आमचं.
अर्धा तास दोन काळे कोट
पाण्याला मालक शोधत राहिले.
एका माणसाला एका वेळेला एकशेवीस लिटर लागतं,
एवढंच मला सांगता आलं.

एप्रिलमधला तो मंगळवार. सव्वाअकरा.
कंपनीची माणसं लाख, दोरा आणि सील घेऊन आली.
पाच मशीन रिकाम्या होत्या, त्यांनी पाच बांधल्या.
सहावीवर चिंतामण हेडाऊ, गोळीबार चौक,
आयुष्यभर मागावर नऊवारी विणलेला माणूस,
अजून एक तास चाळीस मिनिटं बाकी.
सुपरवायझर म्हणाला, मॅडम, उतरवा यांना.
प्रशासक दारातून म्हणाले, खबरदार,
मशीन या भिंतींच्या आत आहे तोवर ताबा आमचा.
दोघांच्या हातात एकाच कराराच्या दोन प्रती.
हेडाऊकाकांच्या अंगावरून
ते एकमेकांना कलमं वाचून दाखवत होते.

काका नळीतल्या लाल धाग्याकडे बघत म्हणाले,
काऊन वो पोरी, सूत तुटलं का?
नाही जी, म्हटलं,
गाठ मारणं सुरू आहे.

कलम एकोणीस मी नंतर घरी वाचलं.
करार संपला की काय कोणाकडे जाईल:
मशीन, खुर्च्या, टाक्या, जोडण्या,
भिंतीवरचं घड्याळसुद्धा.
पण त्या क्षणी शरीराबाहेर असलेलं
पाव लिटर रक्त
कोणाच्या ताब्यात, ते कुठं नाही.
परिशिष्टंही पाहिली.

मी स्टुलावर बसले. पंपापाशी हात ठेवला.
उठले नाही.
सील लावणारा काटोलकडचा पोरगा होता,
ताई, किती वेळ? त्यानं दोनदा विचारलं,
मग चहा पिऊन आला, मग भिंतीला टेकून बसला,
आणि सुई काढल्यावर काकांच्या हातावर
बोळा दाबून धरायला
तोच होता.

तुम्ही त्या वेळी कोणाच्या सूचनेवरून काम करत होता?
वकिलांनी चष्मा काढून विचारलं.
मी सांगायला लागले की शेवटी नळीत सलाईन सोडतात,
लालचं गुलाबी होतं, गुलाबीचं पाणी,
मग कळतं की ज्याचं होतं त्याच्याकडे परत गेलं.
विषयाला धरून बोला, लवाद म्हणाले.
अप्रस्तुत, असं लिहून घेतलं.
प्रत्येक पानावर सही करा. केली.

पुढची तारीख जुलैची.
काका आता मेडिकलला जातात, पहाटे चारला नंबर लावून.
परवा फोन आला होता.
इथची खुर्ची लई कडक हाय पोरी,
पण पाणी बरं हाय.
तेच आहे काका, म्हटलं.
पेंचचंच.